वाचकांचे प्रश्न : गाडीच्या चावीतला सेल

चावीचा रिमोट दगा देतो, अशी पत्रं या वेळी इतकी आली की पूर्ण सदर त्यालाच दिलं आहे. एकाच अडचणीची पत्रं एकत्र केली आहेत. सेल बदलायला पाच मिनिटं पुरतात. वेळ आणि पैसे जातात ते सेलचा दोष नसताना सेल बदलण्यात, किंवा दोष सेलचाच असताना सर्व्हिस सेंटरला नवी चावी मागवण्यात.

प्रश्न : पूर्वी सोसायटीच्या गेटपासून गाडी लॉक व्हायची. आता दरवाज्याजवळ जाऊन दोन-तीनदा बटण दाबावं लागतं. सेल संपत आलाय हे नक्की कसं ओळखायचं? एका दुकानदाराने मोबाईलच्या कॅमेऱ्यातून रिमोटचा लाइट दिसतो का ते बघायला सांगितलं. – एक वाचक, नाशिक

कॅमेऱ्याची युक्ती टीव्हीच्या रिमोटची आहे. तो इन्फ्रारेड किरण सोडतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा रिमोट मात्र 433 मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या रेडिओ लहरींवर चालतो आणि त्या कोणत्याच कॅमेऱ्यात दिसत नाहीत. तेव्हा ती परीक्षा सोडून द्या.

तुम्ही सांगितलेलं लक्षण बरोबर सेलकडेच बोट दाखवतं. हळूहळू कमी होत गेलेलं अंतर, पहिल्या दाबाला काहीच नाही आणि थोडं थांबून दाबलं की चालतं, सकाळच्या गारव्यात जास्त त्रास, बटणाजवळचा छोटा दिवा मंद, ही सगळी एकाच कारणाची रूपं आहेत. या लिथियम सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत तीनच्या आसपास टिकतो. वाढत जातो तो सेलच्या आतला रोध. बटण दाबलं की रिमोट क्षणभर काही मिलिअँपिअर करंट मागतो, त्या क्षणी थकलेल्या सेलचा व्होल्टेज कोसळतो आणि लहर निघते ती दुबळी. थोडं थांबलं की सेल सावरतो, म्हणून दुसऱ्यांदा दाबल्यावर काम होतं.

तरीही सेल काढण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, दुसरी चावी. ती लांबून व्यवस्थित चालत असेल तर दोष पहिल्या चावीतच आहे. दोन, जागा. गाडी दुसरीकडे नेऊन पाहा. तीन, गाडीची मोठी बॅटरी. दोन्ही चाव्या एकाच दिवशी बंद पडल्या असतील तर हॉर्न आणि हेडलाइट पाहा. 12 व्होल्टची बॅटरीच उतरली असेल तर सेंट्रल लॉक कोणत्याच चावीला दाद देणार नाही.

मग मल्टिमीटर. साधा तीन-चारशे रुपयांचा चालतो. 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक सेलच्या + लिहिलेल्या सपाट बाजूला, काळं मागच्या बाजूला. नवा सेल 3.2 ते 3.3 दाखवतो. 2.9 किंवा त्याखाली असेल तर बदला. मात्र 3.0 दिसलं म्हणून सेल चांगला, असं धरू नका. मीटर सेलकडून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे थकलेला सेलही त्याच्यासमोर ताजा वाटतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून 470 ओमचा एक रेझिस्टर आणा, एक-दोन रुपयांत मिळतो. त्याची दोन्ही टोकं सेलच्या दोन बाजूंना दोन-तीन सेकंद टेकवून त्याच वेळी मीटरवर बघा. चांगला सेल 2.8 च्या वर तग धरतो. थकलेला बघता बघता अडीचच्या खाली घसरतो. रेझिस्टर जास्त वेळ धरून ठेवू नका, चांगला सेलही त्यात उगाच खर्ची पडतो.

प्रश्न : एका विशिष्ट पार्किंगमध्येच दोन्ही चाव्या चालत नाहीत. बाहेर पडलं की ठीक. सेल दोनदा बदलले. – एक वाचक, पनवेल

सेल बदलणं थांबवा. जवळपास त्याच फ्रिक्वेन्सीवर सतत काहीतरी चालू आहे. बूम बॅरिअर, वायरलेस सीसीटीव्ही, एलईडी दिव्याला वीज पुरवणारं बिघडलेलं सर्किट यांपैकी काहीही असू शकतं. चावी दरवाज्याच्या अगदी जवळ नेऊन दाबा किंवा धातूच्या पात्याने लॉक करा. आणि एक काळजी घ्या : जामर लावून लॉकचा संदेश अडवायचा आणि उघडी राहिलेली गाडी साफ करायची, ही चोरीची पद्धत जगभर माहीत आहे. अशा जागी बटण दाबून तसंच निघून जाऊ नका. इंडिकेटर लुकलुकले का ते बघा आणि हँडल एकदा ओढून पाहा.

प्रश्न : चावीत सीआर2032 होता. दुकानात नव्हता म्हणून 2025 दिला, “चालतो” म्हणाले. चालतो का? आणि चाळीस रुपयांचा सेल आणि दहा रुपयांचा सेल यात खरंच फरक असतो का? – एक वाचक, कोल्हापूर

चालतो म्हणजे आज चालतो. सेलवरचे आकडे हे त्याचं मापच असतं : पहिले दोन आकडे व्यास मिलिमीटरमध्ये, पुढचे दोन जाडी, मिलिमीटरच्या दहाव्या भागात. सीआर2032 म्हणजे 20 मिमी व्यास, 3.2 मिमी जाडी. सीआर2025 तेवढाच रुंद पण 2.5 मिमी जाड. उरलेल्या 0.7 मिमीच्या पोकळीमुळे चावी आपटली की संपर्क तुटतो, शिवाय साठाही कमी. 2032 मध्ये साधारण 220 मिलिअँपिअर-तास असतात, 2025 मध्ये 160 च्या आसपास. उलटं करून 2025 च्या जागी 2032 कोंबला तर पितळी पट्ट्या वाकतात आणि नंतर योग्य सेल घातला तरी तो त्यांना टेकत नाही. हे नुकसान जास्त महागात जातं.

याहून वाईट घोटाळा सीआर2016 चा. काही चाव्यांमध्ये 1.6 मिमीचे दोन सेल एकावर एक असतात. दोघांची जाडी बरोबर एका 2032 एवढी, पण व्होल्टेज सहा. तिथे एक 2032 घातला तर तीनच व्होल्ट मिळतात आणि चावी मेल्यासारखी पडून राहते. 2032 च्या जागी दोन 2016 घातले तर सहा व्होल्ट जातात आणि आतली चिप जळू शकते. म्हणून जुना सेल काढताना तो एक आहे की दोन चिकटलेले, हे नीट पाहा.

रिचार्ज होणारा एलआयआर2032 चावीत घालू नका. पूर्ण चार्ज झाल्यावर तो 4.2 व्होल्ट देतो, तीन व्होल्टच्या सर्किटला ते झेपेलच असं नाही. शिवाय त्याचा साठा साध्या सेलच्या पाचव्या हिश्श्याएवढाच असतो.

गाडी कंपनीकडून आल्यावर बाहेरून सेंट्रल लॉक किंवा अलार्म बसवला असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या रिमोटमध्ये बऱ्याचदा बोटाच्या पेराएवढी 12 व्होल्टची नळी असते, 23ए किंवा 27ए. दोन्हींची लांबी जवळपास सारखी, पण 23ए दहा मिमी जाड आणि 27ए आठ. एकीच्या जागी दुसरी घालू नका.

किमतीचा फरक खरा आहे. रस्त्यावरच्या पाच सेलच्या स्वस्त पट्टीत दोन चांगले, तीन अर्धमेले निघणं नेहमीचं. नामांकित कंपनीचा एक सेल साधारण 40 ते 80 रुपयांना मिळतो आणि लिथियम सेल वर्षाला एखादाच टक्का उतरत असल्यामुळे पाकिटावर पुढच्या अनेक वर्षांची तारीख असते. ती वाचून घ्या. घरी किंवा ओळखीच्या सोनाराकडे ग्रॅमभर वजनही दाखवणारा काटा असेल तर खरा 2032 तीन ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याहून ठळक हलका असेल तर आत माल कमी आहे. आणखी एक खूण : सोनीने आपला बॅटरी व्यवसाय 2017 मध्ये मुराटा कंपनीला विकला. त्यामुळे ‘सोनी’ छापलेला आणि अगदी ताज्या तारखेचा नाणं-सेल समोर आला तर तो घेऊ नका.

जुन्या चाव्यांत 16 मिमीचे सेलही असतात, 1616, 1620 किंवा 1632. मॉडेलच्या नावावरून सेल विकत घेऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या चाव्यांत वेगळे सेल निघतात. चावी उघडा, सेलवर कोरलेला आकडा वाचा, मग दुकानात जा.

प्रश्न : चावी उघडायला भीती वाटते. कुठून, कशी उघडायची, ते क्रमाने सांगाल का? – एक वाचक, पुणे

आधी तयारी. टेबलावर पांढरा रुमाल किंवा टर्किश टॉवेल अंथरा, म्हणजे उडालेला बारीक भाग सापडतो. चपटा छोटा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि त्याच्या टोकाला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या. टेप नसेल तर प्लास्टर. उघड्या पोलादाने केसवर ओरखडे पडतात ते कायमचे.

पुश बटण गाड्यांच्या चावीत आधी धातूचं पातं बाहेर काढायचं. बाजूला एक सरकणारी खूण असते, ती दाबून ओढलं की पातं सुटतं. ते ज्या फटीतून निघालं तिथेच आत एक खाच दिसते. स्क्रूड्रायव्हर तिथे घालायचा आणि पिळायचा. उचकटायला गेलात की प्लास्टिकचा दात तुटतो. पिळल्यावर टक्‌ असा आवाज येऊन एक कड सुटते, मग नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने कडेकडेने पुढे जायचं. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा आणि स्क्रू शोधा. कधी तो पात्याखाली असतो, कधी कंपनीच्या चिकटवलेल्या लोगोखाली. बारीक चौफुली स्क्रूला पीएच0 किंवा पीएच00 मापाचा स्क्रूड्रायव्हरच लागतो, नाहीतर डोकं घासलं जातं.

फ्लिप चावीत, म्हणजे बटण दाबलं की पातं उडून बाहेर येतं त्या चावीत, सेलचं झाकण मागे असतं किंवा रिमोटचा भाग पात्याच्या भागापासून सरकवून वेगळा होतो. पात्याच्या सांध्याचा स्क्रू किंवा पिन चुकूनही काढू नका. आत गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर ती परत बसवणं घरच्या घरी जमत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही चाव्यांमध्ये ट्रान्सपाँडर, म्हणजे इमोबिलायझरची (खरी चावी ओळखूनच इंजिन सुरू होऊ देणाऱ्या यंत्रणेची) चिप, सर्किटवर सोल्डर केलेली नसते. काळ्या रंगाचा, साधारण बारा मिमी लांबीचा पाचरीसारखा तुकडा केसच्या एका खोबणीत नुसता बसवलेला असतो. चावी उघडताना तो टॉवेलवर पडतो, टॉवेल झटकला जातो आणि तुकडा कचऱ्यात. मग दरवाजे रिमोटने उघडतात, स्टार्टर फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही आणि डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत राहतो. बाजारात चावीचं नवं कव्हर बदलून घेतानाही हीच चूक होते. कव्हर बदललं की आधी त्याच दुकानासमोर गाडी सुरू करून बघा, मग पैसे द्या.

केस उघडली की सेल काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या. + वर आहे की खाली, हे प्रत्येक चावीत वेगळं असतं आणि दोन मिनिटांनी ते कुणालाच आठवत नाही. सेलच्या कडेला जिथे प्लास्टिकचे दात नाहीत त्या बाजूने लाकडी टूथपिकने उचला. धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजू एकदम पकडल्या तर सेल शॉर्ट होतो. नवा सेल कडेने धरा, कोरड्या सुती कापडाने दोन्ही बाजू पुसा, बोटांचा तेलकटपणा राहू देऊ नका. तिरका करून आधी बाजूच्या पट्टीखाली सरकवा, मग दुसरी कड दाबा.

केस बंद करण्याआधी एकदा बटण दाबून गाडी प्रतिसाद देते का ते बघा. मग रबराची पातळ कड खोबणीत सपाट बसली आहे ना, हे डोळ्यांनी पाहून दोन्ही अर्धे दाबा. सांध्यावरून नख फिरवा. कागदाएवढी फट राहिली तरी पावसाळ्यात ओल तिथूनच आत शिरते.

प्रश्न : सेल नवा, + बरोबर, तरीही चावी बंदच. नवीन चावी प्रोग्रॅम करावी लागेल असं सांगतात. – एक वाचक, सोलापूर

बहुधा लागणार नाही. चावीचा कोड ज्या मेमरीत असतो ती सेलवर अवलंबून नसते. सेल महिनाभर काढून ठेवला तरी कोड पुसला जात नाही.

आधी सेलकडे बघा. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात. या लेपाचं वर्तुळ नेमकं संपर्काच्या पट्टीखाली आलं तर करंट जात नाही. अ‍ॅपलने तर आपल्या एअरटॅगबाबत असा लेप असलेले सेल कदाचित चालणार नाहीत, असा इशाराच दिला होता. सेलची ती बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने चोळून पुसा, किंवा बिनलेपाचा सेल घ्या. मात्र घरात लहान मूल असेल तर लेपाचाच सेल घ्या आणि पुसणं फक्त पट्टी टेकते तेवढ्या टिकलीपुरतं ठेवा.

मग पट्ट्या. त्या दबलेल्या असतील तर टूथपिकने अर्धा मिमी वर उचला, त्याहून जास्त नाही. हिरवट किंवा पांढरा थर दिसला तर अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश. सँडपेपर नको, पट्टीवरचा मुलामा निघून जातो आणि गंज पुन्हा लवकर येतो.

तिसरी शक्यता, चावी आणि गाडीचा मेळ चुकलाय. दर दाबाला चावी नवा कोड पाठवते आणि गाडी पुढच्या काही कोडपर्यंतच वाट बघते. खिशात किंवा मुलाच्या हातात बटण बरंच दाबलं गेलं की चावी पुढे निघून जाते. कीलॉक नावाच्या, खूप वापरल्या गेलेल्या पद्धतीत गाडी पुढचे सोळा कोड लगेच स्वीकारते, त्यापुढच्या कोडसाठी लागोपाठ दोनदा दाब मागते. म्हणून आधी गाडीजवळ उभं राहून दोन-तीनदा सलग दाबा. मग चावी इग्निशनमध्ये घालून ऑन करा आणि लॉकचं बटण दाबा. पुष्कळ गाड्या एवढ्यावर जुळतात.

फक्त एकच बटण मेलं असेल आणि दुसरं ठीक असेल तर सेलला दोष देऊ नका. त्या बटणाखालचा चार पायांचा छोटा स्विच गेला आहे. मोबाईल दुरुस्त करणारा चांगला कारागीर तो थोड्या पैशांत बदलून देतो. त्यासाठी हजारोंची नवी चावी घेण्याची काहीच गरज नाही.

प्रश्न : पुश बटण गाडी. स्क्रीनवर ‘चावी सापडत नाही’ असं येतं. घाटात अशी वेळ आली तर काय करायचं? – एक वाचक, ठाणे

चावीचा सेल पूर्ण मेला तरी गाडी सुरू होते, हे लक्षात ठेवा. चावीतल्या ट्रान्सपाँडरला सेल लागतच नाही. स्टार्ट बटणाभोवतीच्या किंवा नेमून दिलेल्या जागेच्या कॉइलमधून त्याला वीज मिळते, फक्त चावी अगदी टेकवावी लागते.

आधी मोबाईल बाजूला करा. चावी आणि मोबाईल एकाच खिशात, चिकटून असले तरी हा संदेश येतो. तरीही न जमल्यास पातं काढून ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. काही गाड्यांत कुलपाचं भोक हँडलवरच्या प्लास्टिकच्या टोपणाखाली लपलेलं असतं, पात्याच्या टोकाने ते अलगद निघतं. अलार्म वाजू लागला तर घाबरू नका, गाडी सुरू झाली की तो थांबतो.

आत बसल्यावर ब्रेक दाबा, मॅन्युअल असेल तर क्लचही. ह्युंदाईमध्ये चावीनेच स्टार्ट बटण दाबायचं. टोयोटाच्या पद्धतीत चावीची लोगोची बाजू बटणाला टेकवायची, आवाज आला की लगेच बटण दाबायचं. होंडामध्येही चावीवरचं ‘एच’ बटणाच्या मध्यभागी टेकवायचं. काही गाड्यांत यासाठी कन्सोलमध्ये किंवा कपहोल्डरमध्ये वेगळी जागा असते. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ते पान शोधा आणि आजच, घरासमोर, एकदा करून बघा. भर पावसात, मोबाईलच्या उजेडात ते पान शोधण्याची वेळ येऊ नये.

दरवाज्याचं कुलूपही वर्षातून दोनदा पात्याने फिरवा. वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप धूळ आणि ओलीने घट्ट होतं आणि नेमकं हवं तेव्हा पातं त्यात वाकतं. फिरत नसेल तर ग्रॅफाइटची पूड घाला. खोबरेल किंवा इंजिन ऑइल नको, त्यात धूळ बसून चिखल होतो.

प्रश्न : दर दोन-अडीच महिन्यांनी सेल बदलावा लागतो. सगळे सेल चांगल्या कंपनीचे. – एक वाचक, रत्नागिरी

साधा हिशेब करा. 220 मिलिअँपिअर-तासांचा सेल. चावी पडून असताना पाच मायक्रोअँपिअर घेत असेल तर नुसत्या पडून राहण्याने तो पाच वर्षांत संपेल. प्रत्यक्षात वापर धरून स्मार्ट चावीला, म्हणजे पुश बटण गाडीच्या चावीला, एक ते दोन वर्षं आणि साध्या रिमोटला त्याहून जास्त मिळतात. पण हाच करंट शंभर मायक्रोअँपिअर झाला तर सेल तीन महिन्यांत खलास. तुमचं गणित साधारण इथेच बसतंय.

शंभर कुठून येतात? स्मार्ट चावीचं सगळ्यात नेहमीचं कारण, चावी टांगायची जागा. खुंटी भिंतीपलीकडच्या गाडीपासून दोन-तीन मीटरवर असेल आणि गाडी मालकाची चाहूल लागावी म्हणून सतत हाक देणारी असेल, तर चावी रात्रभर जागून उत्तर देत राहते. चावी घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. टीव्ही, लॅपटॉप, मोबाईलचा चार्जर आणि इंडक्शन शेगडी यांच्याजवळही नको. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये अशा वस्तूंपासून किमान एक मीटर अंतर सांगितलं आहे. टोयोटाच्या काही चाव्यांत सेल वाचवण्याची सोयही आहे : लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबायचं, दिवा चारदा लुकलुकतो आणि चावी झोपते. कोणतंही बटण दाबलं की जागी होते. लांब गावी जाताना घरी ठेवलेल्या दुसऱ्या चावीसाठी ही उत्तम सोय आहे.

साधा रिमोट असेल तर अडकलेलं बटण शोधा. घामाने, धुळीने रबर चिकटून बटण अर्धवट दाबलेलं राहतं. सिलिकॉनचं घट्ट कव्हरही बटण दाबून धरतं, आठवडाभर ते काढून ठेवा.

कोकणात तिसरं कारण ओल. सर्किटवर खारट दमटपणाचा पातळ थर बसला की त्यातून करंट झिरपत राहतो. सर्किट अल्कोहोलने ब्रश मारून धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मोजायचं असेल तर मीटर 2000 मायक्रोअँपिअरवर ठेवून सेल आणि पट्टी यांच्यामध्ये जोडा, गाडीपासून लांब. सुरुवातीचा झटका जाऊ द्या, मग दहाच्या आत आकडा ठीक, पन्नासच्या वर गेला तर दोष चावीतच.

प्रश्न : चावी पँटच्या खिशात राहून वॉशिंग मशीनमध्ये धुतली गेली. तांदळात ठेवली आहे. – एक वाचक, चिपळूण

तांदळातून लगेच काढा. आत ओल असताना सेल जोडलेला राहिला की काही तासांत तांब्याच्या रेघा खाल्ल्या जातात, आणि तांदळाची पूड वर चिकटते. केस उघडा, सेल काढून टाका, साबणाचं पाणी गेलं असेल तर सर्किट आधी बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याने आणि मग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. पंख्याखाली दिवसभर ठेवा. हेअर ड्रायरचा गरम झोत नको. मग नवा सेल घाला.

प्रश्न : नागपूरच्या मे महिन्यात चावी गाडीत राहिली तर सेल खराब होतो का? माझा मुलगा कॅनडात आहे, त्याची चावी हिवाळ्यात दगा देते. – एक वाचक, नागपूर

हे सेल साधारण उणे 30 ते 60 अंशांपर्यंत वापरण्यासाठी बनवलेले असतात. उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड साठ अंश सहज ओलांडतो. तिथे पडलेल्या सेलचं आयुष्य घटते आणि केसचं रबर कडक होतं. थंडीत सेलचा आतला रोध वाढतो, म्हणून अर्धा वापरलेला सेल खोलीत ठीक आणि बाहेर मुका. मुलाला चावी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायला सांगा आणि सेल हिवाळा सुरू होण्याआधीच बदलायला सांगा.

प्रश्न : घरात दीड वर्षाची मुलगी आहे. चावीशी खेळते. यात खरंच धोका आहे का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

आहे, आणि तो फार मोठा आहे. 20 मिमीचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. ओल्या त्वचेला टेकल्यावर त्यातून करंट वाहतो, ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. चावीसाठी मेलेला सेलही यासाठी पुरेसा जिवंत असतो. म्हणून काढलेला जुना सेल टेबलावर, खिशात, वाटीत ठेवायचा नाही.

गिळल्याची नुसती शंका आली तरी 108 ला फोन करा किंवा सरळ मोठ्या रुग्णालयात जा, जिथे मुलांची एंडोस्कोपी होते आणि एक्स-रे लगेच काढता येतो. लक्षणांची वाट पाहू नका. लाळ गळणं, खोकला, खाणं नाकारणं ही लक्षणं असतात, पण कधी सुरुवातीला काहीच नसतं. उलटी करायला लावू नका, काही खाऊ-पिऊ घालू नका. एकच अपवाद : मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर जाताना दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे दहा मिली मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मधासाठी थांबू मात्र नका. सेलचं पाकीट किंवा त्याच मापाचा सेल डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या. नाकात किंवा कानात सेल गेला असेल तरीही तेवढीच घाई, आणि कुठलेही थेंब घालू नका.

चावी तिच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. केसचा दात तुटलेला असेल, झाकण सैल असेल तर रबरबँडने भागवू नका, नवं कव्हर घ्या. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना सेलोटेप लावा, बंद डबीत ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत असे छोटे सेलही येतात आणि ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

प्रश्न : सेकंडहँड बीएमडब्ल्यू घेतली. चावीत सेलचं झाकणच नाही. – एक वाचक, मुंबई

बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या मॉडेलच्या चावीत व्हीएल2020 हा रिचार्ज होणारा सेल सर्किटवर टाके मारून बसवलेला असतो. इग्निशनमध्ये चावी असताना तो चार्ज होतो. गाडी बरेच महिने उभी असेल तर आधी दोन-तीन लांब फेऱ्या मारा, तो सावरू शकतो. तरी न चालल्यास केस कापून नवा व्हीएल2020 सोल्डर करावा लागतो, हे काम हात बसलेल्या कारागिराकडूनच करून घ्या. त्या जागी साधा सीआर सेल कधीही लावू नका. चार्ज व्हायला न बनवलेल्या सेलला चार्ज मिळाला की तो फुगतो, फुटूही शकतो.